डिंगोऱ्याची बेस

बायको गेल्यानंतर पाच महिन्यांनी मुलीनं पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलं. मी दुकानात होतो. पाच एचपीची मोटार खोलून तिच्यातली जळकी तार उपसून काढत होतो. मुलगी शटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मला दुसरी बेस लागंल. जुनीच बघू, सेकंडहँड."

मी म्हणालो, "हो."

"कसली, केवढ्याची, ते तरी विचारा."

"बघू ना. घेऊ."

ती क्लासची सॅक खांद्याला अडकवून निघून गेली. मी परत तार उपसायला लागलो.

मंचरमध्ये माझं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळलेल्या मोटारी येतात, मी त्यांच्यात नवी तांब्याची तार भरून देतो. त्या पाच महिन्यांत एकही मोटार माझ्याकडून बिघडली नाही. हात बरोबर चालत होते. बाकीचं मला सांगता येत नाही. कुणी चहा घेणार का विचारलं तर हो. उद्या येऊ का विचारलं तर हो. एकदा मुलगी जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. डाळीत मीठच नव्हतं. मी तोवर दोन वाट्या संपवल्या होत्या.

बायको गच्चीवर कपडे वाळत घालताना पडली. मेंदूत रक्त साकळलं होतं. पुण्याला नेलं, तिसऱ्या दिवशी गेली. तिचं माहेर लोणीचं. तिच्या भावाची तिथं गायन पार्टी आहे, भीमगीतं आणि बुद्धगीतं म्हणणारी. बायको लग्नाआधीपासून तिच्यात गायची. लग्नानंतरही जयंतीच्या दिवसांत ती घरी फक्त झोपायला असायची. मुलगी आठ वर्षांची झाल्यावर आईबरोबर कोरसला जाऊ लागली. आई गेल्यावर तिनं गाणं सोडलं. मामानं दोनतीनदा विचारलं.

"बेस वाजवते की," ती म्हणाली. "त्यात तोंड उघडायला लागत नाय."

बेस म्हणजे बेस गिटार. चार जाड तारांची, लांब मानेची. तिचा आवाज ऐकू येण्याआधी छातीत कळतो. पार्टीत पूर्वी कीबोर्डवाले सरच डाव्या हातानं तो खालचा सूर धरायचे. मुलीचा त्याच्याकडं ओढा आहे हे बायकोच्या लक्षात आलं, आणि तिनं मोबाइलवरून सगळ्यांत स्वस्त बेस मागवली. ती खोक्यातून आली त्या दिवशी दोघींनी मिळून तारा चढवल्या होत्या. वर्षभरात तिची मान धनुष्यासारखी वाकली. तारा इतक्या उचलल्या गेल्या की दाबताना मुलीच्या बोटांना फोड यायचे, आणि मानेवर जसजसं वर जावं तसतसा सूर हलायचा. मान सरळ करायला आत एक सळई असते, तिचा नट मीच फिरवून बघितला होता. तो जाम होता. सरांनी सांगितलं, पोरीचा हात चांगला आहे, पण या लाकडावर तो खराब होईल.

पहिल्यांदा आम्ही नारायणगावात एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, जुन्या दोन बेस आहेत, आणि तुमची जुनी घेऊन या, एक्स्चेंज करू. मुलगी गाडीवर मागं बसली. तिची बेस तिनं दोघांच्या मध्ये उभी धरली होती. खड्डा आला की गिटारचं डोकं माझ्या हेल्मेटला लागायचं.

दुकानदारानं काळी कुळकुळीत, पाच तारांची बेस काढली. वापरलेली आहे पण नव्यासारखी, म्हणाला. मुलगी स्टुलावर बसून वाजवू लागली. मी समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. माझ्या पिशवीत मीटर होता, पेचकस होते. मी पिशवी उघडली नाही. मुलीनं बटण फिरवलं की स्पीकरमधून खर्रखर्र यायचं. तिनं गिटार उलटी करून बॅटरीचं झाकण काढलं आणि माझ्यापुढं धरलं. आत हिरवट गंज चढला होता.

"हे बघा."

"हं," मी म्हणालो.

दुकानदार म्हणाला, "ते काय, पुसलं की झालं. भाऊ, ही जुनी ठेवून जा. हिच्यात काय राहिलं नाय, पण पोरगी वाजवतीय म्हणून धरतो मी."

मी म्हणालो, "चालंल."

मुलीनं काळी बेस काउंटरवर ठेवली. आपली जुनी उचलली, कव्हरमध्ये घातली, चेन लावली आणि दुकानाबाहेर गेली. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीतून उठलो, येतो म्हणालो, आणि तिच्या मागं गेलो.

ती एसटी स्टँडच्या बाजूला रसाच्या गुऱ्हाळापाशी उभी होती. बैल नसलेलं, इंजिनावरचं गुऱ्हाळ. त्या आवाजामुळं तिला ओरडून बोलावं लागलं.

"ही आईनी घेतलीय."

"माहितीय."

"मग चालंल काय म्हणता? त्या माणसाला देऊन टाकत व्हता तुमी. त्याची बेस खराब आहे, हे तुमाला कळत नाय? तुमाला? सगळ्या तालुक्याच्या मोटारी बघता ना तुमी?"

मी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"तुमी बघतच नाय, पप्पा. नुसतं हो म्हणता. मी उद्या म्हणलं शाळा सोडते, तरी हो म्हणाल."

रसवाल्यानं इंजिन बंद केलं. शेवटचं वाक्य त्यानंही ऐकलं असणार, कारण तो पटकन खाली वाकून उसाची चिपाडं गोळा करायला लागला. मला काही वाटलं नाही. आता काहीतरी वाटायला हवं, एवढं मात्र कळलं. तिला राग येणं बरोबर आहे, हेही कळलं. मोटारीत तार कुठं तुटली आहे ते कळतं, तसंच कळलं. मी दोन ग्लास रस सांगितला. तिनं घेतला नाही. दोन्ही मीच प्यायलो.

आठवड्यानं तिच्या मामाचा फोन आला. डिंगोऱ्यात एक गृहस्थ आहेत, पूर्वी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, सगळ्या जत्रा त्यांनी पालथ्या घातल्यात. आता विकायची म्हणतात. परदेशी बनावटीची आहे, वस्तू जुनी आहे पण एका हातातली. रविवारी जाऊन या.

रविवारी आम्ही निघालो. ओतूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला कांदा उभा होता, पाणी चालू होतं. पुढं डिंगोऱ्यात घर विचारलं तर दोघांनी दोन वाटा सांगितल्या. शेवटी गृहस्थ स्वतःच बांधावर येऊन उभे राहिले आणि उजवा हात वर करून हलवत राहिले. डावा हात त्यांनी पोटाशी धरला होता.

साठीच्या पुढचे, उंच, मोठ्या कानांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, डाव्या हाताची बोटं सुधारली नाहीत. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातानं दाबायच्या असतात. डावा गेला की बेस गेली. हे त्यांनी आम्हाला दारातच सांगून टाकलं. मग गुडघ्याचं सांगितलं, मग टोमॅटोच्या रोपांचं. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "आधी पावण्यास्नी बसू तर द्या."

बेस भिंतीवर दोन खिळ्यांच्या आधारानं लटकवलेली होती. मधाच्या रंगाची, आणि जिथं हात घासायचा तिथं रंग जाऊन खालचं लाकूड दिसत होतं. त्यांनी ती एका हातानं काढली. मुलगी पुढं झाली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं धरली.

"लई जड आहे," ती म्हणाली.

"जडच आस्ती. चार चार तास उभा राहून वाजवलीय म्या. वाजव."

तिनं वाजवली. एका छोट्या स्पीकरला जोडून. बाजेवर बसून, मान खाली घालून. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. वाकलेल्या मानेवर वर्षभर जोर लावून दाबायची सवय झालेली, त्यामुळं ती इथंही तितकाच जोर लावत होती आणि सूर वर चढत होता. गृहस्थांनी तिला थांबवलं.

"हळू. ही हलक्या हाताची हाय. अन् घाई करती तू. ढोलकीच्या पुढं पळतीस."

"ढोलकी कुठाय इथं?"

"तुझ्या डोक्यात हाय ती. तिच्याबी पुढं पळतीस."

ती हसली नाही, पण तिनं परत सुरुवात केली. दुसऱ्यांदा बरं झालं. मग ते म्हणाले, एक चाल दाखवतो, ही जत्रेत हमखास लागायची. दाखवायला त्यांनी उजवा हात तारांवर ठेवला आणि डावा मानेकडं नेला. डावा हात मानेवर नुसता पडून राहिला. बोटं वळेनात. त्यांनी तो उचलून परत पोटाशी घेतला, आणि बाजेवर मुलीच्या शेजारी सरकून बसले.

"मी छेडतो. तू दाब. मी सांगंल तिथं दाबायचं."

बेस दोघांच्या मांडीवर आडवी. त्यांचा उजवा हात, तिचा डावा. ते तोंडानं मानेवरच्या पट्ट्या सांगत होते: तिसरी, पाचवी, सोड, आता खालची तार, परत पाचवी. पहिल्यांदा दोघांचं जुळेना. ते छेडायचे तेव्हा तिचं बोट पोचलेलं नसायचं. चौथ्या वेळी जुळलं. मग त्यांनी तोंडानं सांगणं बंद केलं. तीच चाल फिरून फिरून येत होती आणि ती दोघं थांबत नव्हती. त्यांच्या पत्नी आतल्या दारात उभ्या होत्या. पिठाचे हात त्यांनी कोपरापासून वर धरले होते, साडीला लागू नयेत म्हणून. मी बघत होतो. काहीतरी चांगलं चाललं आहे हे दिसत होतं. मला आतून काही होत नव्हतं, पण बघायचा कंटाळाही आला नव्हता, आणि त्या दिवसांत तेवढंही फार होतं.

मग माझ्या कानाला एक गोष्ट खटकली. आवाज खालून यायला पाहिजे होता, तो वरूनच येत होता. पोकळ होता. सिंगल फेजवर चाललेली मोटार जशी नुसती गुणगुणते, तसा.

वाजवणं थांबल्यावर मी म्हणालो, "हिच्यात एक कॉइल बंद आहे का?"

गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. "तुमाला कसं कळलं?"

"ऐकू येतंय."

"मानेकडची गेलीय. लई वर्सं झाली. माळशेजच्या पावसात भिजली व्हती एकदा. मी एकीवरच भागवलं. गर्दीत कुणाला कळतंय?"

या गिटारच्या पोटावर तारांखाली दोन पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आमच्याकडं पिकअप म्हणजे टोमॅटोची गाडी, त्यामुळं मुलगी पहिल्यांदा हा शब्द बोलली तेव्हा मला काही कळलं नव्हतं. आत चुंबकं असतात आणि चुंबकांभोवती तांब्याची तार गुंडाळलेली. वर गिटारची तार हलली की कॉइलमध्ये वीज तयार होते, तिचाच आवाज. मी पिशवीतून मीटर काढला. मुलीनं माझ्याकडं बघितलं. मागच्या कॉइलवर आकडा आला. पुढच्या कॉइलवर मीटर काहीच दाखवेना. तार आत तुटलेली होती.

"असू द्या तशीच," मुलगी म्हणाली. "मला आवडली. घेऊ या."

गृहस्थांनी किंमत सांगितली. वाजवी होती. दोघं माझ्याकडं बघत होती.

"नको," मी म्हणालो. "अशी नाय घ्यायची. कॉइल मी भरून बघतो. जमलं तर तुमी म्हणाल ती किंमत. नाय जमलं तर जशीच्या तशी परत आणून देतो."

"अन् दुसरीबी मारली तर?"

"नाय मारणार. तेच काम आहे माझं."

ते घुटमळले. ते बरोबरच होतं. अनोळखी माणूस, आयुष्यभराची वस्तू. त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "न्हेऊ द्या की. भितीला टांगून काय अंडी देतीय व्हय ती?"

त्यांनी नेऊ दिली. वर माझ्याकडून काही ठेवून घेतलं नाही. फक्त म्हणाले, उसाच्या कडंनं जाताना थांबू नका, परवाच बिबट्या दिसलाय. उजेड आहे तोवर आम्ही नारायणगाव ओलांडलं.

मी आयुष्यभर जाड तार गुंडाळली. या कॉइलची तार केसाहून बारीक होती. पुण्यात माझ्या ओळखीचे एक जण घड्याळाच्या आणि रिलेच्या कॉइली भरतात, त्यांच्याकडून रीळ मागवलं. आठ दिवस पिकअप टेबलावर उघडी पडून होती. बाहेर मोटारींची रांग लागली होती, कारण पाण्याचा हंगाम होता. शेतकरी यायचे आणि विचारायचे, हे काय काढलंय? गिटारची मोटार, मी सांगायचो.

एका रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. पंख्याच्या कॉइली भरायचं माझं हातानं फिरवायचं यंत्र आहे, त्याला वेढे मोजायचा काटा आहे. मुलीनं मोबाइलवर शोधून साधारण किती वेढे असतात ते काढलं होतं. नऊ हजारांच्या पुढं. मी जुनी तार कापून काढली. ती काळी पडली होती आणि एका टोकाला हिरवी झाली होती. पाणी तिथूनच शिरलं असणार.

मुलगी यंत्र फिरवणार, मी तार धरणार. पहिल्यांदा हजार-बाराशे वेढ्यांवर तार तुटली. तुटली हे मला कळलंच नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, तार गेली," तेव्हा बघितलं तर माझ्या चिमटीत नुसतीच हवा होती. तीस वर्षं तांबं हाताळून बोटांची कातडी मेली आहे, एवढी बारीक तार बोटाला समजत नाही. मुलीचं तेच. तिची बोटं तारा दाबून घट्ट झाली होती. दुसऱ्यांदा चार हजारांवर तुटली. ती उठून बाहेर गेली, पाणी पिऊन आली.

"सोडा. एकीवर चालंल."

"बस," मी म्हणालो.

तिसऱ्या वेळी मी तार मनगटाच्या आतल्या बाजूवरून घेतली. तिथली कातडी मऊ असते. तिथं ती कळली. ताण वाढला की कापल्यासारखी टोचायची, सैल झाली की नाहीशी व्हायची. मी मुलीला सांगत गेलो, हळू, आता चालू दे, हळू. दोन तास आम्ही दुसरं काही बोललो नाही. मध्ये एक जण शटरखालून वाकून म्हणाला, "राव, माझ्या मोटारीचं काय?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "थांबा!" तो बिचारा तसाच वाकलेला थांबला, मग निघून गेला. नऊ हजारांवर मुलीनं यंत्र थांबवलं. मनगटावर लाल रेघ उठली होती.

कॉइलमध्ये मेण जिरवावं लागतं, म्हणजे वेढे हलत नाहीत. घरी मेणबत्त्या वितळवायला मी हाताला आलं ते पातेलं घेतलं.

"आईचं नको," ती म्हणाली.

मी दुसरं घेतलं. ते पातेलं आईचं म्हणजे कुठल्या अर्थानं, घरातली सगळीच भांडी तिनंच घेतलेली होती. पण मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणी केली. एकेक पिकअप लावली तर छान, दोन्ही एकदम लावल्या की आवाज मेल्यासारखा. मुलगी कपाळाला हात लावून बसली. मला मात्र हे ओळखीचं होतं. मोटारीत कॉइलची टोकं उलटी जोडली की दोन्ही कॉइली एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, मोटार गुरगुरते आणि फिरत नाही. मी टोकं सोडवून अदलाबदल केली, कथिलाचा डाग लावला, म्हणालो, आता वाजव.

तिनं सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली. ट्रेमधले नट थरथरले. शटर वाजलं. समोरच्या खतांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन रस्त्यावर इकडंतिकडं बघायला लागला. मुलीनं हात तारेवर ठेवून आवाज बंद केला, परत छेडली. "माझी कॉइल मागच्यापेक्षा जरा बारीक बोलते," ती म्हणाली. माझी म्हणाली, आपली नाही. "पण चालंल."

डिंगोऱ्याच्या गृहस्थांना मी फोनवर ऐकवलं. फोनवर असला खालचा आवाज काय कळणार. ते म्हणाले, "व्हय, व्हय." मग मी दोनदा हॅलो म्हणालो. पैसे द्यायला गेलो त्या दिवशी त्यांनी मुलीसाठी चामड्याचा रुंद पट्टा दिला, जड गिटारला खांद्यावर लागतो म्हणून.

आईनं घेतलेली बेस मुलीनं कपाटावर ठेवली. वाजवायची नाही आणि द्यायचीही नाही, असं तिनं मला बजावून सांगितलं. मी हो म्हणालो. ते हो बरोबर होतं असं मला वाटतं.

नवी बेस घरात आल्यावर ती रोज संध्याकाळी सराव करायची. मी भांडी घासायचो. एक चाल ती सारखी वाजवायची. चार सूर खाली, दोन वर, मग मोठा थांबा. आठ-दहा दिवस ती माझ्या कानावर होती. एकदा मी विचारलं, "हे कोणतं गाणं?"

ती थांबली. "ओळखलं नाय तुमी?"

"नाय."

"आईचं आहे. कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायची ते."

ते गाणं मी अठरा वर्षं ऐकलं होतं. स्वयंपाकघरात, गच्चीवर, स्टेजवर. पण मी कायम वरचं ऐकलं होतं, तिचा आवाज. त्याच्या खाली काय चाललेलं असतं ते मला माहीतच नव्हतं. "परत वाजव," मी म्हणालो. तिनं वाजवलं. नळ बंद करून मी ऐकलं. तरीही ते गाणं मला सापडलं नाही. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "सापडंल," आणि पुढचं वाजवायला लागली.

जयंतीच्या आठवड्यात लोणीत कार्यक्रम झाला. सकाळी मिरवणूक, आणि उन्हं उतरल्यावर समाजमंदिरासमोर स्टेज. पार्टीतल्या सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते. मुलगी मागं, सरांच्या कीबोर्डशेजारी उभी होती. तिच्या अंगापुढं ती बेस दारासारखी दिसत होती. बायकोचं गाणं आता तिची भावजय म्हणत होती. भावजयीचा आवाज वेगळा आहे, जरा नाकात. ती चांगली गायली. मी जनरेटरजवळ उभा होतो, त्या घरघरीत अर्धं ऐकू येत होतं. चार सूर खाली, दोन वर. मधेच मुलगी एकदा चुकली. तिनं सरांकडं बघितलं, सरांनी मान हलवली, पुढं चालू राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आजूबाजूच्या दोन बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मी त्यांच्याकडं बघितल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझे डोळे कोरडे होते. मला ओशाळल्यासारखं झालं.

कार्यक्रमानंतर मेव्हण्याच्या अंगणात पंगत बसली. सासूबाई भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. लेक गेल्यापासून त्यांची माझी नीट गाठ पडली नव्हती. त्यांनी मला हातानं खुणावलं. मी ताट घेऊन त्यांच्या पायाशी बसलो.

"पावणं, तुमी रडला का कवा?" त्यांनी विचारलं. हळू नाही, नेहमीच्या आवाजात.

"नाय, मामी." सासूबाईंना मी मामीच म्हणतो.

"मी बी न्हाई." त्या समोर बघत होत्या. "लोकं म्हणत्यात, म्हातारी दगड झाली. मोतीबिंदू काढला तवा आतलं पाणी बी काढून घेतलं जनू. मला वाटलं, मी येकटीच अशी."

"मला पण तसंच वाटलं व्हतं."

"मग आपून दोघं झालो," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. का ते सांगता येणार नाही. त्याही हसल्या, दात नसलेलं हसू, आणि मग पदर तोंडाला लावून इकडंतिकडं बघितलं, कुणी बघितलं तर नाही ना. मी जेवायला लागलो. वांग्याची भाजी तिखट होती आणि मला पाणी लागलं. तेवढ्यात मुलगी रिकामं ताट घेऊन आली. कपाळावर घाम, खांदा चोळत.

"आज्जे, भात संपला का?"

"कोण म्हणतं संपला?" सासूबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. "बस हितं बापापाशी. आनते."